चाळीस चित्रांची पट्टी

“चाळीसच्या खाली मी एकही चित्र कमी करणार नाही!” खार शेपटी आपटत ओरडली. “माझ्या साठवणीच्या याद्याच अकरा आहेत. त्या काय शेपटीला बांधून हिंडू?”

“हिंड की. शेपटी तेवढी मोठी आहेच,” मोर म्हणाला. “आकडे मला सांगू नकोस. पट्टी देखणी हवी. माउसचा बाण जवळ नेला की चित्र कसं फुललं पाहिजे, माझ्या पिसाऱ्यासारखं! शेजारच्या जंगलातले पाहुणे आले तर त्यांना दाखवायला काही नको?”

घुबडाने एक डोळा किलकिला केला. “मला तर ती पट्टी डोळ्यांसमोरच नको. लपून बसू दे. काम असेल तेव्हा येईल वर.”

मुलांनो, हे भांडण चालले होते एका जंगलात, वडाच्या ढोलीत, आणि तेही सात दिवसांपासून. त्या ढोलीत जंगलाचा संगणक असे. हसू नका, संगणक माणसांनीच वापरावा असे कुठे लिहून ठेवलेले नाही. तुम्ही पाहिले असेल, स्क्रीनच्या तळाशी लहान लहान चित्रांची एक पट्टी असते. चित्रावर क्लिक केले की तो प्रोग्राम उघडतो. तिला डॉक म्हणतात. जंगलाची जुनी पट्टी अगदी साधी होती, पण संगणक नव्याने बसवताना ती गेली. आता दुसरी कोणती घ्यावी, यावर सभा भरली होती. बाजारात पट्ट्या पन्नास तऱ्हेच्या मिळतात, आणि निवडायला पन्नास मिळाल्या की भल्याभल्यांची बुद्धी चळते.

त्या संगणकावर रोज बसत असे ती एक म्हातारी वानरी. नजर अधू, हाताला थोडा कंप. पण जंगलातले कुठलेही काम तिच्या हातूनच होई. पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती, “मला चार चित्रं पुरतात. मोठी आणि एका जागी बसणारी.” तेव्हा सभेचा अध्यक्ष कोल्हा गोड हसून म्हणाला, “आजी, तुम्ही चालवणाऱ्या. हा ठरवणाऱ्यांचा विषय आहे.” त्यानंतर तिला कोणी काही विचारले नाही, आणि तिनेही आपले म्हणणे पुन्हा मांडले नाही. ते मात्र तिचे चुकलेच, हे मी स्पष्ट सांगते.

ढोलीच्या दाराशी एक टिटवी बसलेली असे. बसलेली म्हणजे काय, तिला बसवतच नव्हते. क्षणभर टेकायची, लगेच उडून माळावर जायची, पुन्हा यायची. टिटवी झाडावर घरटे बांधत नाही. तिची चार अंडी उघड्या माळावर, खड्यांमध्ये होती, आणि दोन-चार दिवसांत फुटणार होती. चैत्र संपत आला होता. गवत कडकडीत वाळले होते. समोरच्या डोंगरावर माणसे शेत भाजत होती. वारा फिरला की एक ठिणगीही पुरे.

जंगलात वणव्यावर उपाय एकच होता. संगणकात भोंगा नावाचा प्रोग्राम होता. त्यावर क्लिक केले की सात झाडांवरचे कर्णे एकदम वाजत. ते ऐकून रानडुकरे धावत आणि आगीच्या वाटेतली माती सुळ्यांनी उकरून मोकळा पट्टा काढत. त्या पट्ट्याशी आग थांबे. पण कर्णे वेळेवर वाजले तर!

“अहो, तुमची पट्टी ठरेल तेव्हा ठरेल,” टिटवी काकुळतीने म्हणाली, “तोवर भोंगा तरी वर काढून ठेवा. आत्ता तो एका फोल्डरात, त्याच्या आतल्या फोल्डरात, त्याच्याही आत पुरलाय. सापडायचा कधी?”

“टिटवीबाई,” कोल्हा म्हणाला, “आभाळ पडेल म्हणून पाय वर करून निजणारी तुमची जात. तुमच्या भीतीवर सभा चालवायची, तर आम्हा सगळ्यांना पाय वर करूनच बसावं लागेल.”

सगळे खो खो हसले. टिटवी हसली नाही. ती उडाली, डोंगराकडे पाहून आली आणि पुन्हा दाराशी टेकली.

शेवटी सातव्या दिवशी कोल्ह्याने निकाल दिला. “कुणाचंही मन मोडायचं नाही. खारूताईंची चाळीस चित्रं घ्या, मोररावांचं फुलणं घ्या, घुबडकाकांचं लपणंही घ्या. झालं एकमत!”

टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत वानरीने विचारले, “आणि भोंगा कुठे ठेवलात?”

“आहे की, अठ्ठाविसावा,” खार म्हणाली. “सगळं वर्णमालेप्रमाणे लावलंय, आजी. नियम म्हणजे नियम. इकडे ‘बोरांचा साठा’, तिकडे ‘मोराचा नाच’ आणि मध्ये भोंगा.”

वानरी स्क्रीनकडे बघत राहिली. टिटवी तिच्याकडे बघत राहिली.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी वारा फिरला.

“धूर! आजी, धूर!” टिटवी ओरडतच ढोलीत घुसली. वानरीने झेप घेऊन माउस धरला. स्क्रीनचा तळ रिकामा. पट्टी लपून बसली होती. तिने बाण खाली नेला; काही नाही. आणखी खाली नेला, तेव्हा पट्टी सावकाश वर आली. चाळीस चित्रे, मोहरीच्या दाण्याएवढी! तिने डोळे बारीक केले, भोंगा शोधला, बाण तिकडे नेला. बाण जवळ येताच चित्रे फुलू लागली, एकमेकांना ढकलू लागली, आणि भोंगा बाणाखालून सरकला. क्लिक झाले. बोरांची यादी उघडली.

“आजी, कडेचं गवत पेटलं!”

तिने यादी बंद केली. हात आणखी कापू लागला. पुन्हा बाण, पुन्हा फुलणे, पुन्हा क्लिक. साऱ्या स्क्रीनभर मोर नाचू लागला, ढोलकीसकट.

“आजी, करवंदीची जाळी गेली! आता माळच आहे हो!”

नाच बंद करेपर्यंत पट्टी पुन्हा लपली. वानरीने एक दीर्घ श्वास घेतला, डाव्या हाताने उजवे मनगट घट्ट धरले आणि बाण केसाएवढा, केसाएवढा सरकवला. तिसऱ्या खेपेला कर्णे वाजले.

रानडुकरे आली, जीव तोडून माती उकरली आणि आग थांबली. पण थांबता थांबता एक ज्वाळ कडेच्या अंड्याला चाटून गेलीच. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन अंडी फुटली, तीन पिल्ले चिवचिवू लागली. चौथे अंडे काळे पडले होते.

आणि ढोलीत? ढोलीत पुन्हा भांडण!

“हे फुलायचं खूळ नसतं तर पहिल्याच क्लिकला काम झालं असतं,” खार म्हणाली.

“चाळीस चित्रांची हाव कुणाची? माझी?” मोर उसळला. “आणि निदान माझा नाच लागला. तुझी बोरं बघायची होती कुणाला?”

“लपली म्हणून काय झालं, वर आली ना?” घुबड पुटपुटले.

“शांत व्हा, शांत व्हा,” कोल्हा म्हणाला. “आपण एक समिती नेमू. अस्वलाचंही मत घेऊ, त्याचं राहून गेलं होतं.”

एवढ्यात टिटवी आत आली. पंख काजळलेले, चोच कोरडी. तिने ते काळे अंडे चोचीने ढकलत ढकलत आणले होते. ते तिने माउसच्या शेजारी ठेवले. मग ती वानरीच्या खांद्याशी जाऊन बसली आणि सगळ्या सभेकडे वळून एकच वाक्य बोलली. ते ऐकून मोर पिसारा मिटून खाली बसला, खारीने आपल्या याद्या स्वतःच उचलल्या, आणि वानरी पहिल्यांदाच कोणाला न विचारता पट्टी मांडायला बसली. आज त्या स्क्रीनच्या तळाशी चारच चित्रे आहेत. ती लपत नाहीत, फुलत नाहीत, आणि भोंगा सर्वांत डावीकडे आहे, वानरीच्या पंज्याएवढा.

तात्पर्य : यात माझ्या पदरचे एक अक्षरही नाही; टिटवी त्या दिवशी जे बोलली तेच लिहून घ्या – “वस्तू कुठे ठेवायची ते तिलाच विचारा, जिला ती कापत्या हाताने शोधावी लागते; तुमच्या हौसेला सगळं जंगल मोकळं पडलंय!”