गच्चीवरच्या दोन पराती

विदर्भातल्या सावरटोल्याच्या जलशुद्धीकरण केंद्रात कमलजा ढवळे टाक्या सांभाळायची. ऐन मे महिन्यात उघड्या टाकीतलं पाणी रोज घटू लागलं, तेव्हा केंद्राचे प्रमुख दिघावकर साहेब तणतणत आले. "टँकरवाल्यांना पाणी विकतेस तू! परवा तुझं निलंबन!"

"साहेब, उन्हानं वाफ होते. टाकीवर तरंगतं झाकण टाका म्हणून तीनदा अर्ज दिलाय."

"वाफ? मला शिकवतेस?"

कमलजाचे डोळे चमकले. तिनं गच्चीवर दोन सारख्या पराती काठोकाठ भरल्या, एकीच्या पाण्यावर थर्माकोल तरंगत ठेवला आणि पाखरं पिऊ नयेत म्हणून दोन्हींवर जाळी टाकली.

"आता दाराला कुलूप तुमचं लावा, साहेब. किल्लीही तुमच्याच खिशात."

साहेबांनी ऐटीत कुलूप ठोकलं.

दोन दिवसांनी सगळं केंद्र त्यांच्यामागं गच्चीवर धावलं. थर्माकोलची परात जवळपास भरलेली, उघडी मात्र चांगली दोन बोटं खाली!

कमलजानं हात जोडले. "साहेब, किल्ली तर तुमच्याकडे होती. मग हे पाणी टँकरवाल्याला विकलं कोणी?"

गच्चीवर हशा उसळला. साहेब आधी लाल झाले, मग स्वतःच पोट धरून हसले आणि झाकणाच्या अर्जावर तिथंच, कमलजाच्या पेनानं, सही केली.