न तुटलेला दोरा

तांबटआळीच्या टोकाला, फार वर्षांपूर्वी, एक तांबट आणि त्याची बायको राहत होते. लग्नाच्या साली दोघांनी दारासमोर वडाची फांदी रोवली. ती जगली, तिचं झाड झालं. दर वटपौर्णिमेला बायको त्याला कमरेएवढ्या उंचीवर सूत गुंडाळायची. वड उंचीला शेंड्यातून वाढे आणि जाडीला सालीखालून. खोड भरलं की ते सूत ताणून तुटून जाई.

"सात जन्म मागतेस, आणि दोरा वर्षभरही टिकत नाही," तांबट चिडवायचा.

"झाड भरतंय म्हणून तुटतो. पुढच्या वर्षी नवा बांधीन. पण जेवायला असेच उशिरा येत राहिलात, तर सहाच जन्म मागेन हो!"

एका हिवाळ्यात ती तापाने गेली. मागे उरला तिचा शेवटचा दोरा. आता तोही तुटणार, या विचाराने तांबटाचा जीव कासावीस झाला. त्याने तांब्याची जाड तार घेतली, दोऱ्यावरून घट्ट आवळली आणि टोकं पिळून टाकली.

दोन पावसाळे शेंडा वर जात राहिला. तार होती तिथेच होती. तांबट रोज तिच्यावरून हात फिरवी. तिसऱ्या वर्षी माहेरी आलेली लेक झाडापाशी थबकली. तारेच्या वर खोड सुजलं होतं, पानं पिवळी पडली होती.

"बाबा, तार कापा. झाडाचा गळा आवळलाय."

"तुझ्या आईची गाठ आहे ती."

"आईची गाठ सुताची होती, दर वर्षी नवी. आता तुम्ही बांधा."

"मी? पुरुषाने वडाला सूत गुंडाळायचं? सगळी आळी हसेल."

"हसू दे की! झाड जातंय, बाबा!"

लेकीने पक्कड उचलली. तांबटाने ती तिच्या हातातून काढून घेतली आणि घरात निघून गेला.

पुढच्या उन्हाळ्यात सगळी पानं गळाली. पावसाळा लागला, तरी पालवी फुटली नाही. तेव्हा कुठे तो पक्कड घेऊन धावला. पण तार दिसतच नव्हती. ती सालीत खोल रुतून बसली होती.

वटपौर्णिमेला बायका आल्या आणि वाळलेल्या फांद्या पाहून मुकाट पुढच्या वडाकडे वळल्या. तांबट सुताची गुंडी घेऊन उठला. सगळ्यांदेखत तो खोडाभोवती फेऱ्या घालू लागला. कुणीच हसलं नाही.

वर्षाने त्याने पाहिलं. सूत तसंच होतं. कुठे ताणलं नव्हतं, कुठे तुटलं नव्हतं. त्याला हात लावून तांबट ढसाढसा रडला.

या गोष्टीचं तात्पर्य इतकंच: ज्यावर जीव आहे, त्याला वाढायला जागा ठेवा. आणि गाठ तुटली, तर लोकांच्या हसण्याला न भिता, वेळ आहे तोवर ती पुन्हा बांधा.