एकास एक

वामन त्र्यंबक खासनीस, वय वर्षे एकाहत्तर, राहणार सांगली, हे आदगोंडा चौगुले यांच्या छपाईच्या दुकानात शिरले ते प्रश्न विचारतच.

"माप बरोबर आहे. एक मिलिमीटर इकडचा तिकडे नाही. मग ही ती का दिसत नाही?"

हातातली कागदाची लांबलचक गुंडाळी त्यांनी टेबलावर ठेवली नाही. दोन्ही हातांवर आडवी धरून ते उभे राहिले.

चौगुल्यांना सारा गाव अण्णा म्हणे. वय अठ्ठ्याहत्तर. तरुणपणी परांचीवर चढून त्यांनी सिनेमाचे फलक हाताने रंगविले होते. आता दुकानात दहा फूट रुंदीचे यंत्र होते आणि त्यातून दिवसभर फलक बाहेर पडत.

"या की साहेब. बसा."

"बसायला आलो नाही. शिकायला आलो आहे."

अण्णांनी यंत्र बंद केले.

हे वाक्य खासनीसांच्या तोंडून निघावे, ही साधी गोष्ट नव्हती. पाटबंधारे खात्यात त्यांनी हयातभर आरेखन केले. निवृत्तीनंतर नकाशांच्या प्रती काढण्याचे दुकान थाटले. त्यांच्याकडे येणारे गिऱ्हाईक म्हणजे इंजिनिअर, वास्तुविशारद, साखर कारखान्याचे लोक. ते खिशात पट्टी घेऊन येत आणि प्रत हाती पडताच तिच्यावर पट्टी ठेवीत. खासनीसांची रेघ केसाएवढी बारीक असे, पण कधी तुटत नसे. अण्णांच्या धंद्याला ते 'चादरी छापणे' म्हणत, आणि तेही चारचौघांत.

अण्णा त्यावर एवढेच म्हणत, "तुमच्या गिऱ्हाइकाला चष्मा लागतो साहेब, आमच्याला गॉगल!"

आज मात्र थट्टेचा दिवस नव्हता.

"काय शिकायचंय?"

"रंग. रेघेत मी कोणाला हार जाणार नाही. चूक असेल तर ती रंगातच असली पाहिजे."

गुंडाळी उलगडली. आत एक बाई उभी होती. वांगी रंगाचे लुगडे, अंबाड्यात अबोलीचा गजरा, हातात अक्षतांची वाटी. पुतण्याच्या लग्नात कोणीतरी काढलेला फोटो. पायाच्या बोटांपासून अंबाड्यापर्यंत अख्खी.

"आमची कुमुद," खासनीस म्हणाले. "उंची एकशे चोपन्न सेंटीमीटर. दवाखान्याच्या कागदावर तशी नोंद आहे. प्रमाण एकास एक. चार वेळा छापली. पहिल्या खेपेस चेहरा काळवंडला. दुसऱ्या खेपेस पिवळा पडला. तिसऱ्या खेपेस लुगड्याचा काठ फिकटला."

"आणि चौथ्या?"

"चौथ्या खेपेस काहीही चुकले नाही... तेच तर."

अण्णांनी चित्राचे एक टोक हातात धरले.

"पुढच्या महिन्यात तिला जाऊन वर्ष होईल. परवा सकाळी डोळे मिटून चेहरा आठवून पाहिला. बांगड्या आठवल्या. काठ आठवला. चेहरा..." खासनीसांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "निसटत चालला आहे, अण्णा. तो जायच्या आत मला ती घरात उभी हवी आहे."

अण्णांनी चिमट्यांनी चित्र भिंतीवर टांगले. पाय जमिनीला टेकतील असे टांगले.

खासनीसांनी लगेच खिशातून पोलादी टेप काढली. "मोजून पाहा."

"टेप ठेवा खिशात."

तेवढ्यात तांबोळीबाई आल्या. त्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका. शाळेला पन्नास वर्षे झाली म्हणून मुलांच्या फोटोंचा फलक करावयास टाकला होता, तो न्यायला आल्या होत्या. अण्णांनी तो समोरच्या भिंतीवर सोडून दाखविला.

खासनीसांना राहवले नाही. ते जवळ गेले. नाक फलकाला लागेल इतके जवळ गेले.

"अहो, हे काय? नुसते ठिपके! या मुलाला तर डोळाच नाही. आमच्याकडे असे काम झाले असते, तर पूल कोसळला असता!"

"पूल नाही बांधायचा आजोबा," तांबोळीबाई म्हणाल्या, "गच्चीवरून सोडायचाय. तिथं काय मुंगीसारखं चिकटून बघताय? दारात जाऊन बघा."

खासनीस ताठ मानेने दारापर्यंत गेले आणि वळले. पंधरा पावले झाली होती. ठिपके नाहीसे झाले होते. मुलगा हसत होता. त्याचा पुढचा एक दात पडलेला होता.

"दिसतो..." ते पुटपुटले.

"नवीन माणूस ठेवलाय काय अण्णा?" बाईंनी विचारले.

"शिकाऊ आहेत."

"वय जरा जास्त वाटतंय शिकायला," असे म्हणून फलकाची वळकटी रिक्षात घालून बाई गेल्या.

खासनीसांनी पेन्सिल काढली, वहीचे कोरे पान काढले.

"समजले. दोष रंगाचा नाही, अंतराचा आहे. मी फार जवळून पाहत होतो. आमच्या घरात पंधरा पावलांची जागा नाही. सहा ठेवू, की आठ? आकडा सांगा, लिहून घेतो."

"तुमच्याकडं गिऱ्हाईक आलं की पहिलं काय विचारता?"

"प्रमाण काय."

"बरोबर. नकाशावाल्याला तेच विचारावं. मी विचारतो, किती लांबनं बघणार? फलकवाल्याला तेच विचारावं." अण्णा स्टुलावर बसले. "आता तुम्ही माझं गिऱ्हाईक. सांगा."

"सांगितले ना, घरात..."

"पुढचं नव्हे. मागचं. वहिनींकडं तुम्ही किती लांबनं बघत होता?"

खासनीसांनी लिहिण्यासाठी पेन्सिल टेकवली.

"जेवताना..." ते म्हणाले, आणि थांबले. जेवताना ताटात वाढणारा हात दिसे. वाटी दिसे.

"सकाळी निघताना..." निघताना पाठीमागून आवाज येई, छत्री घेतली का? हो, असे म्हणून ते जिना उतरत.

"संध्याकाळी ती चहा घेऊन येई. मी ड्रॉइंग बोर्डाशी असे. बोर्ड खिडकीशी, उजेडासाठी. स्वयंपाकघराचे दार मागे." ते घाईने बोलत होते, जणू समोरचा पडताळणी करणारा अधिकारी होता. "ती उजव्या बाजूला कप ठेवी. म्हणजे अंतर... हातभर. हातभरच म्हणा."

पेन्सिल कागदावर होती. आकडा मात्र उमटला नाही.

शेचाळीस वर्षांचा संसार. धरणाच्या भिंतीची उंची हा माणूस झोपेतून उठून सांगू शके.

"अण्णा... मला नक्की सांगता येत नाही."

"उठा. उभे राहा तिथं. असं समजा, हे घर आहे. बोर्ड आहे. वहिनी चहा घेऊन दारात आल्यात. रोज राहत होता तसे उभे राहा."

खासनीस चित्राजवळ गेले. हातभर अंतरावर थांबले. कुमुद समोर होती, हनुवटीएवढी उंच. तिचे डोळे सरळ त्यांच्याकडे लागलेले.

ते थोडे चुळबुळले. काहीतरी जमत नव्हते.

मग त्यांचे पाय आपोआप फिरले.

आता त्यांचे तोंड रस्त्याकडे होते आणि पाठ चित्राकडे. मान किंचित खाली, उजवा हात पेन्सिल धरून पुढे आलेला. हे मात्र नेमके जमले होते. यात एका मिलिमीटरचाही फरक नव्हता.

"ठेव," सवयीने त्यांच्या तोंडून शब्द गेला.

आपलाच शब्द त्यांच्या कानांवर पडला.

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. त्याचा आवाज लांब जाऊन विरेपर्यंत दुकानात कोणी हालले नाही. खासनीसांचा पेन्सिल धरलेला हात हळूहळू खाली आला. खांदे खाली आले. वळायचे धैर्य मात्र होईना...

अण्णा हलक्या आवाजात म्हणाले,

"त्या अजून उभ्या आहेत, साहेब."

वामन त्र्यंबक खासनीस यांनी पाचवी प्रत काढली नाही. त्याच आठवड्यात त्यांनी घरातला ड्रॉइंग बोर्ड खिडकीपासून हलविला, आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड होईल असा ठेवला.