हैबती गुरवाची शिळा

फार वर्षांमागची गोष्ट. किती वर्षं ते विचारू नका. मोजणारे सगळे मेले. सावळदरा गावात हैबती नावाचा गुरव होता. देऊळ झाडायचं आणि रोज सकाळी अंगणातल्या काळ्या शिळेवर बसून समोरच्या डोंगरावर सूर्य कुठं उगवतो ते बघायचं, हे त्याचं काम.

ज्येष्ठात सूर्य डावीकडच्या खिंडीत उगवे. मग रोज थोडा थोडा उजवीकडे सरके. दिवस आखडत, थंडी वाढे, आणि पौषात तो शेवटच्या सुळक्याला टेके. टेकला की हैबती शिंग फुंकी. गावाचा जीव भांड्यात पडे, कारण तिथून सूर्य माघारी वळतो. सुळका ओलांडला तर मात्र तो परत येत नाही, थंडीत माणसं-जित्राबं मरतात, गाव सोडावं लागतं, असं म्हणतात.

त्या वर्षी पावसात झरा फुटला, अंगणात चिखल झाला. गावाने शिळा उपटली आणि नारळ फोडून, वाजतगाजत, पन्नास पावलं उजवीकडे खळ्याजवळ नेऊन ठेवली. शिळा तीच, बसणारा तोच, मग बिघडलं काय? हैबतीलाही तसंच वाटलं. शहाणे सगळे!

पौष आला तो दाट धुकं घेऊनच, बरेच दिवस डोंगर दिसला नाही. एका सकाळी धुकं निवळलं, आणि हैबती बघतो तर काय! सूर्य सुळक्याच्या पलीकडे उगवला होता. दुसऱ्या दिवशीही तेच.  शिंग वाजेना, तेव्हा रंगोजी पाटील येऊन उभा राहिला.

"गुरवा, शिंग उंदरांनी कुरतडलं काय?"

"पाटील... तो पलीकडे गेलाय."

पाटलाचं तोंड उतरलं. "मग उद्या गाड्या जुंपायच्या."

"घरात पाच दिवसांची बाळंतीण आहे हो! या गारठ्यात घाट उतरला तर माझी लेक चंद्रा वाचायची नाही. पोरही जाईल."

"आणि इथं राहून वाचतील?"

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता गाड्या भरू लागल्या. हैबतीला शिळेवर बसवेना. काय बघायचं, लेकीचं मरण? तो नुसता चालत सुटला, आणि अंगणात, शिळा उपटल्याच्या खड्ड्यात, धडपडला. मान वर केली. सूर्य सुळक्याला टेकून उगवत होता. बोटभरही इकडे तिकडे नाही.

तो शिळेकडे धावला. सूर्य पलीकडे. खड्ड्याकडे धावला. सूर्य सुळक्यावर.

"पाटील, आधी या खड्ड्यात उतरा!"

"गुरव पार बिघडला," म्हणत पाटील उतरला, आणि बघतच राहिला. "माघारी आला की रे!"

"तो गेलाच नव्हता. जागा सोडली ती आपण."

त्या दिवशी सगळं गाव एकेक करून खड्ड्यात उतरलं, आणि तोवर सूर्य सुळक्यावर खिळून राहिला, असं म्हणतात. शेवटी हैबतीने नातवाला घोंगडीत गुंडाळून आणलं. पोराच्या कपाळावर ऊन पडलं, तेव्हा कुठं सूर्य वर चढला, आणि शिंग वाजलं.

आता शाळेतली पोरं सांगतात, सूर्य सरकत नाही, पृथ्वीच कलती राहून त्याच्याभोवती फिरते, म्हणून थंडी-उन्हाळा होतो. मग हैबतीने वेगळं काय सांगितलं होतं?

शिळा पुन्हा त्याच खड्ड्यात आहे. डांबरी रस्ता आला तोही तिला वळसा घालून गेला. सुळक्याच्या दिवशी गावातलं सगळ्यात लहान पोर घोंगडीत गुंडाळून तिच्यावर आणतात. त्याच्या कपाळावर ऊन पडेपर्यंत शिंग कोणी ओठाला लावत नाही.