पावसात नेलेली घागर

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. देवी राहायची डोंगरमाथ्यावर आणि पाणी वाहायचं खाली ओढ्यात. त्यामुळे त्या गावच्या माणसाला देव हवा असेल तर चढावं लागे आणि पाणी हवं असेल तर उतरावं लागे.

चैत्रात देवीची जत्रा भरायची. त्या दिवशी ओढ्यापासून देवळापर्यंत काठी न्यायची. काठी म्हणजे माडाएवढा उंच कळकाचा बांबू, टोकाला तांब्याचा कळस आणि अंगाला वाऱ्यावर फडफडणारे रंगीत फरारे. काठीकर कमरेला चामड्याचा पट्टा बांधी आणि पट्ट्याच्या खोबणीत काठी उभी करी. तोल राहावा म्हणून चार जण चारी बाजूंनी दोर धरत. पण भार सगळा काठीकराच्या अंगावर. वाटेत काठी मातीला टेकली, की मान गेला. तो मग ओढ्यापलीकडच्या गावाला मिळायचा. म्हणून पलीकडची माणसं दरवर्षी आपल्या पट्ट्याला तेल लावून यायची आणि अर्ध्या चढावरच्या हत्तीधोंड्यापाशी बसून राहायची.

"नुसतं बघायला आलोय," असं म्हणायची.

काठीचा मान गावातल्या एकाच घराकडे होता. काठीकर थकला, तर त्याच घरातल्या दुसऱ्या कुणी ती आपल्या पट्ट्यात घ्यावी, एवढी सवलत होती.

त्या घरातल्या म्हाताऱ्या काठीकराचे गुडघे एका वर्षी कुरकुरू लागले. जत्रा उरकल्यावर त्यानं मुलाला, केरबाला, जवळ बोलावलं. सून हौसा चुलीपाशी भाकरी थापत होती.

"पुढच्या वर्षी काठी तुझी," म्हातारा म्हणाला. "नेम दोनच. या घरातून रोज एक घागर पाणी माथ्यावरच्या चाफ्याला गेलं पाहिजे. आणि जेवायला बसताना आधी शिवाराकडे बघायचं, मग ताटाकडे."

"म्हणजे काय, बाबा?"

म्हातारा उठून अंगणात गेला. नेम एकदाच सांगायचा आणि त्याचं कारण सांगायचं नाही, अशी त्या घरची रीत होती.

केरबा अंगापिंडानं चांगला होता आणि मनानंही वाईट नव्हता. उन्हाळाभर त्यानं नेम पाळला. तांबडं फुटायच्या आत घागर खांद्यावर घेऊन तो निघे आणि ऊन तापायच्या आत परत येई. चाफा नुकता लावलेला होता, पानं कोमेजलेली असत. पाणी पडलं की ती टवटवीत होत. ते बघून केरबालाही बरं वाटे. शिवारात कैऱ्या आणि कांदा होता, घरात ताक आणि आंबील. तेच ताटात यायचं.

मग आषाढ लागला. डोंगर ढगात गेला. पहिले काही दिवस केरबा उंबऱ्यात उभा राहून बाहेर बघत राहिला आणि एके सकाळी त्यानं घागर खुंटीखाली पालथी घातली.

"अहो, पाणी?" हौसानं विचारलं.

"वरून पडतंय की! चाफा पोहायला लागला असेल आता. तू भज्यांचं पीठ कालव."

"आणि नेम?"

"झाडाला पाणी मिळावं एवढाच नेम. ते मिळतंय. कुणी का घालेना!"

बोलणं बिनतोड होतं. पण हौसाच्या डोक्यात किडा वळवळू लागला. मामंजींना पावसाळा असतो हे का ठाऊक नव्हतं? मग त्यांनी 'रोज' का म्हटलं? 'केरबानं' न म्हणता 'या घरातून' का म्हटलं? विचार करून तिला काही सापडेना. तेव्हा तिनं ठरवलं, की जाऊनच बघावं. तिनं डोक्यावर इरलं घेतलं, घागर भरली आणि निघाली.

हत्तीधोंड्यापर्यंत पोचता पोचता तिच्या छातीचा भाता फुटायची वेळ आली. ती धोंड्याला टेकून बसली. बऱ्याच वेळानं माथ्यावर गेली आणि भर पावसात तिनं घागर चाफ्याच्या बुंध्याशी ओतली. चाफ्याला काही झालं नाही. पानं आधीच धुतलेली होती.

"मग हवंय कुणाला?" ती चाफ्यालाच म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली.

गावाला करमणूक मिळाली. पारावरून लोक ओरडत, "हौसावहिनी, पावसाला तहान लागली का?" एक जण म्हणाला, "समुद्रात मीठही कमी पडलंय म्हणे, तेवढं टाकून या!"

"टाकते की, तुमच्या घरचं द्या," हौसा म्हणायची आणि चालू लागायची.

वाट निसरडी झाली, तेव्हा ती घागर अर्धीच भरू लागली. एकदा रात्रभर कोसळून वाटच वाहून गेली. हौसा रडवेली होऊन सासऱ्यासमोर उभी राहिली.

"मामंजी, वाट वाहून गेली. नेम मोडला का?"

"वाट वाहून गेली," म्हातारा सुतळी वळता वळता म्हणाला. "तुझे पाय तर नाही ना वाहून गेले?"

हौसानं डोळे पुसले. मग घागर डोक्यावर घेऊन मारुतीच्या देवळात गेली आणि वाट दुरुस्त होईपर्यंत तिथल्या सभामंडपात फेऱ्या घालू लागली. मारुतीच्या पुजाऱ्यानं कपाळावर हात मारून घेतला.

दुसरा नेमही तिच्या डोक्यातून जाईना. ती दारात उभी राहून शिवाराकडे बघे. पावसाळ्यात शिवार चिंब, जड, सुस्त असे आणि बांधावर मात्र टाकळा, कुर्डू अशी हलकी भाजी उगवलेली असे. मग चुलीवर तीच भाजी शिजे, लसणीची फोडणी दिलेलं कुळथाचं कढण होई, आणि ताटात चार घास कमीच पडत. केरबाला ते पानचट वाटे. तो शेजारी जाऊन भजी खाऊन येई आणि पोट धरून पडून राही.

थंडी आली. शिवारात बाजरीची कणसं डुलू लागली. चूल पेटली की भूकही पेटे. हौसानं बाजरीची भाकरी, लोणी, तीळगूळ असं सगळं ताटात आणलं आणि घागर पुन्हा काठोकाठ भरली. आता केरबालाही हुरूप आला.

"हेच ताकद कमवायचे दिवस! कणगी एकदा भरली की वर्षभर पुरते. अंगाचंही तसंच आहे. डिंकाचे लाडू वळ."

आणि राहिलेलं सगळं एकदम भरून काढायला तो एका खांद्यावर एक, दुसऱ्यावर दुसरी अशा दोन घागरी घेऊन निघाला. हत्तीधोंड्यापाशी त्याच्या पाठीत उसण भरली. चौघांनी धरून खाली आणला. पाठ बरी होईपर्यंत तो गोधडीत राहिला आणि सोबतीला लाडवांचा डबा राहिला. पाठ बरी झाली, पण गोधडीची सवय गेली नाही.

हौसा रोज जात होती. एके सकाळी ती माथ्यावर पोचली, घागर ओतली आणि एकदम थबकली. काहीतरी चुकलं होतं. तिनं मागं वळून बघितलं. ती हत्तीधोंड्यापाशी बसलीच नव्हती! आज नाही, काल नाही, परवाही नाही. कधीपासून बसली नव्हती, तेही तिला आठवेना. तिनं छातीवर हात ठेवला. श्वास दाव्याला बांधलेल्या करडासारखा गप उभा होता.

"अगंबाई," ती चाफ्याला म्हणाली, "हे तुझं पाणी नव्हेच!"

घरी येऊन तिनं सासऱ्याकडे नुसतं बघितलं. म्हातारा मिशीत हसला.

फाल्गुनात ऊन चढू लागलं. शिवार पिवळं पडलं. हौसानं लाडवांचा डबा वर ठेवला आणि ताकाचं मडकं खाली काढलं.

"डबा कुठाय?" केरबानं विचारलं.

"अहो, लाडू थंडीचे. आता उष्णता होईल. आणि उद्यापासून माझ्याबरोबर चला तरी. अर्धी घागर घ्या."

"अर्धी घागर! काठीकर आहे मी, पाणक्या नव्हे. हे बघ." त्यानं अंगणात काठी पट्ट्यात घेतली आणि खांबासारखा उभा राहिला. खरंच हलला नाही. "बघितलंस? कणगी भरलेली आहे."

"उभं राहायचं नाहीये, चढायचंय," हौसा म्हणाली. पण केरबा डबा शोधायला आत गेला होता.

जत्रेचा दिवस उजाडला. हलगी कडाडली. सकाळी सकाळीच केरबानं दोन लाडू जास्तीचे खाल्ले होते. त्यानं पट्ट्यात काठी घेतली आणि गुलाल उडाला. मागून म्हातारा आपला जुना पट्टा खांद्यावर टाकून निघाला आणि त्याच्यामागं हौसा, डोक्यावर रोजची घागर.

सुरुवातीचा चढ केरबा झपाझप चढला. लोक वाहवा करू लागले. मग ऊन वर आलं. त्याचा चेहरा लाल झाला, तोंडाला कोरड पडली, श्वास दोन तुकड्यांत येऊ लागला. हत्तीधोंडा दिसला आणि त्याच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. नाकातून रक्ताची धार लागली. काठी एकीकडे कलली. दोरकरी ओरडले. पलीकडच्या गावची माणसं उठून उभी राहिली. एकानं पट्टा कमरेला लावायलाही घेतला.

"बाबा," केरबा कसाबसा म्हणाला, "नाही होत. घ्या..."

म्हातारा पुढं झाला, पण गुडघ्यानं दगा दिला. तो वाटेवरच बसला. मग त्यानं खांद्यावरचा पट्टा काढला आणि मागं बघून हाक दिली.

"सूनबाई!"

हौसानं घागर धोंड्यावर ठेवली.

"हे काय!" पलीकडच्या गावचा पाटील गरजला. "काठी घरच्या माणसानं धरायची असते."

"मग सून काय पाहुणी आहे?" म्हातारा बसल्या जागेवरून म्हणाला. "वर्षभर घरचा नेम कुणी पाळला, ते तुम्ही इथं बसून बघितलं नाहीत. पारावरच्यांना विचारा."

पारावरचे सगळे खाली बघू लागले. पाटील वाटेतून बाजूला सरला.

हौसानं पदर खोचला, पट्टा कसला आणि काठी खोबणीत घेतली. भार मोठा होता. घागरीपेक्षा कितीतरी मोठा. पण तोल कसा सांभाळायचा, ते मानेला आणि कमरेला ठाऊक होतं. कुठला दगड डगमगतो, ते पावलांना ठाऊक होतं. श्वासाला तर ही वाट पाठच होती. ती सावकाश निघाली. थांबली नाही, धावली नाही. देवळापुढं काठी उभी राहिली, तेव्हा कळसावर ऊन लखलखत होतं, आणि खाली हलगीवाल्याला काय वाजवावं तेच सुचत नव्हतं.

बऱ्याच वेळानं केरबा वर आला. नाकाला ओलं फडकं लावलं होतं आणि डोक्यावर हौसाची घागर होती. मध्ये कितीदा बसला, ते त्यानं सांगितलं नाही. त्यानं घागर चाफ्याला ओतली आणि चौघांच्या आधारानं मागून येऊन टेकलेल्या म्हाताऱ्याकडे वळला.

"बाबा, हे पाणी झाडासाठी नव्हतंच ना?"

"झाडाची काळजी ज्याचं झाड त्याला," म्हातारा म्हणाला. "मला माझ्या घराची होती."

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत केरबा घागर घेऊन दारात उभा होता. हौसानं डोकावून बघितलं.

"काल लाडू झालेत, वर पुरणपोळ्याही झाल्यात," ती म्हणाली. "अर्धीच भरा."

केरबानं ओढ्यावर जाऊन निमूटपणे अर्धीच घागर भरली. मग शिवाराकडे एकदा नीट बघितलं आणि चढायला लागला.

तात्पर्य: ऋतू पालटला की ताट पालटावं, वेळ पालटावी, घागर हवी तर अर्धी भरावी; पण चढायची वाट सोडू नये. धान्य कणगीत साठतं, ताकद साठत नाही. ती रोजच्या रोजच भरावी लागते.