अर्ध्या गुणाचं गालबोट

"अर्धा गुण म्हणजे असा कितीसा असतो, आप्पा?"

आप्पा गुरव सभामंडपात बसून वाती वळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुनाचा अर्धा गुण?"

वृंदा सबनीस त्यांच्यासमोर खाली बसली. हे विचारायलाच ती डोंगर चढून आली होती.

आप्पांनी पन्नास वर्षं या देवीची पूजा बांधली होती. साध्या काळ्या दगडाला लुगडं नेसवून, मळवट भरून ते असं रूप आणायचे की बघणाऱ्यानं हात जोडायचे विसरावं. आता ते काम मुलाकडं गेलं होतं. वीस वर्षांपूर्वी वृंदानं पार्लरचा पहिला बोर्ड लावला, तेव्हा ती हे कसब शिकायला म्हणून वर आली आणि तेव्हापासून आप्पांना गुरू मानत आली. आप्पांनी मात्र तिला कधी शिष्या वगैरे म्हटलं नाही. ते तिला 'पार्लरवाली पोरगी' म्हणायचे. कोल्हापुरात तिच्या तीन शाखा झाल्या, केस पिकायला लागले, तरी इथं ती पार्लरवाली पोरगीच राहिली.

"मी परीक्षक झाले होते, आप्पा. सौंदर्यस्पर्धेची."

"बरं."

एवढंच. वृंदाला वाटलं होतं, निदान भुवया तरी वर जातील.

परीक्षक व्हायचं तिच्या कधीपासून मनात होतं. दरवर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेला ती पहिल्या रांगेत बसायची आणि परीक्षकांच्या चुका शेजारणीच्या कानात सांगायची. यंदा खुद्द तिलाच बोलावणं आलं. छातीवर बिल्ला, पुढ्यात गुणांचे कागद, हाताशी माइक. त्या संध्याकाळी बाई हवेत होत्या, हे तिनं आप्पांपुढं स्वतःच कबूल केलं.

मग अश्लेषा पोवार मंचावर आली.

वीस वर्षांची पोर. आई गावातल्या शाळेत मुलांची खिचडी शिजवायची. अंगावरची साडी कुणाची तरी मागून आणलेली आहे, हे वृंदाच्या नजरेनं तेव्हाच टिपलं होतं. पण ती पोर चालत पुढं आली आणि सगळं सभागृह गप्प झालं. वृंदाला राहवलं नाही. तिनं माइक ओढून घेतला आणि म्हणाली, इतका निर्दोष चेहरा मी कित्येक वर्षांत पाहिला नाही. टाळ्या पडल्या.

टाळ्या पडल्यावर तिला भीती वाटली, आपण फार बोलून गेलो. परीक्षकानं असं भाळून कसं चालेल? म्हणून तिनं मुलीला अजून पुढं बोलावलं, दिव्याखाली उभं केलं आणि निरखून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. उजव्या गालावर, कानाजवळ, एक काळा ठिपका होता. काजळ ओघळलंय, वृंदाच्या मनात आलं. तिनं कागदावर लिहिलं, 'मेकअप अस्वच्छ, गालावर डाग', आणि अर्धा गुण कापला.

मुकुट तेवढ्याच अर्ध्या गुणानं गेला.

"डाग नव्हता तो..." वृंदा म्हणाली.

आप्पांच्या हातात कापूस फिरत राहिला.

"तीट होती, आप्पा. तिच्या आईनं विंगेत ऐन वेळी काजळाचं बोट लावलं होतं. पोरीला कुणाची दृष्ट लागू नये म्हणून."

हे तिला दुसऱ्या दिवशी पार्लरमध्ये कळलं. एक बाई तान्हं बाळ घेऊन आली. बाळाच्या गालावर, नेमका तिथंच, तसाच ठिपका होता. वृंदाच्या हातातली कात्री थांबली. तिच्या मावशीनं तिला लग्नाच्या दिवशीसुद्धा कानामागं तीट लावली होती, नको नको म्हणत असताना. आणि तिलाच ती ओळखू आली नाही. त्या दिवसापासून तिला रात्रंदिवस तोच ठिपका दिसत होता, आणि स्वतःची लाज वाटत होती.

आईनं विंगेत बोट लावल्याचं आणि पुढचं सगळं आयोजकांनी फोनवर सांगितलं. मुलींना सुधारणा करता यावी म्हणून त्यांनी गुणांचे कागद जिचे तिला देऊन टाकले होते. अश्लेषानं तो शेरा वाचला. तीन आठवडे झाले, ती आईशी एक शब्द बोललेली नाही. कॉलेज सोडलंय. घरी कुणी आलं तर गालावर हात ठेवून बसते.

वृंदानं निकाल बदला म्हणून पत्र लिहून पाहिलं. मुकुट दिला गेलाय, आता काही होत नाही, असं उत्तर आलं. त्यांचंही खरंच होतं. जिंकलेल्या मुलीनं कुणाचं काय वाकडं केलं होतं?

"आणि आता पुण्याहून बोलावणं आलंय," ती म्हणाली. "राज्याच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून. जाऊ का नको, तेवढं सांगा."

आप्पांनी वळलेली वात ताटलीत ठेवली. नवा कापूस घेतला.

"त्या पोरीच्या घरी गेलीस?"

"नाही."

"का?"

"कुठल्या तोंडानं जाऊ?"

...

सभामंडपात कुणी नव्हतं. दुपारचं ऊन पायरीपर्यंत आलं होतं. वृंदा खांबाला टेकून बसली. मग तिनं, इतके दिवस स्वतःला जे सांगून धीर देत होती, तेच आप्पांना सांगितलं.

"पण तिच्या आईच्या मनात काही नाही, आप्पा. निकाल लागल्यावर ती गर्दीतून वाट काढत माझ्याकडं आली. सगळ्यांदेखत माझ्या पाया पडली."

आप्पांचे हात थांबले.

तिला वाटलं, आता म्हाताऱ्याला पटलं. तिनं आणखी सांगितलं. आपण त्या बाईला खांद्याला धरून कसं उठवलं, पुढच्या वर्षी नक्की म्हणून कसा आशीर्वाद दिला, ते सगळं. खरं सांगायचं तर त्या घटकेला तिला फार बरं वाटलं होतं. हरलेल्या मुलीची आई पाया पडते, म्हणजे आपण न्याय केला, असं.

आप्पांनी कापूस बाजूला ठेवला.

"डोस्कं टेकलं तिनं?"

"म्हणजे?"

"पायावर. डोस्कं टेकलं?"

वृंदा आठवू लागली. बाई वाकली होती. तिची बोटं चपलेच्या कडेला लागली होती...

"नाही."

"हात जोडलं?"

बोटं चपलेच्या खाली गेली होती, टाचेकडून. वृंदाला तेव्हा जरा विचित्रच वाटलं होतं. खेडवळ बाई, तिला रीत ठाऊक नसेल, म्हणून तिनं ते मनावर घेतलं नव्हतं.

"नाही जोडले."

"मूठ उघडी हुती का मिटल्याली?"

...

"मिटलेली," वृंदा म्हणाली. "पदराखाली धरली होती."

आणि तिला कळलं.

ती लहान असताना एकदा तापानं फणफणली होती. मावशीनं वृंदाच्या धाकट्या बहिणीला शेजारच्या काकूंच्या मागं पाठवलं होतं. काकू चालतील तिथली, त्यांच्या पायाखालची चिमूटभर माती आण म्हणून. ज्याची दृष्ट लागली असेल त्याच्या पायाखालची माती मीठ-मिरच्यांबरोबर उतरून चुलीत टाकायची, म्हणजे दृष्ट निघते. काकूंना त्याचा पत्ताही लागू द्यायचा नसतो.

"ती पाया पडलीच नव्हती..."

आप्पांनी ताटली दूर सरकवली.

"माझी दृष्ट लागली म्हणून माती न्यायला आली होती. आणि मी तिला आशीर्वाद दिला."

वृंदाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तिनं ते पुसलं नाही. दिव्याखाली उभी केलेली ती पोर, तिच्याकडं टक लावून पाहणारी आपण आणि विंगेतून ते सगळं बघणारी आई. गुण कापले हे त्या माउलीला कुठं ठाऊक होतं तेव्हा? तिनं फक्त माइकवरचं कौतुक ऐकलं होतं आणि ती नजर पाहिली होती.

आप्पांनी विचारलं,

"मग उतरली का पोरीची दृष्ट?"

"कशी उतरेल? गालावरचा हात काढत नाही अजून."

"माती न्हेली न्हवं तिनं?"

निकाल लागला ती जागा वृंदाला आठवली. तिथं गालिचा होता. पाहुणे येणार म्हणून सकाळी दोनदा झाडलेला. आणि तिच्या चपला त्याच दिवशी दुकानातून आणलेल्या होत्या.

"तिथं माती नव्हती, आप्पा."

...

ती बाई मूठ तशीच घट्ट धरून एसटीनं घरी गेली असेल. चुलीपुढं बसून तिनं ती उघडली असेल. वृंदाला त्याच्या पुढचं मनात आणवेना.

ती उठली. पुण्याचं तिनं पुन्हा काही विचारलं नाही. डोळे पुसले, पदर सारखा केला.

"मी जाते तिच्या घरी. आत्ताच. खाली गाडी उभी आहे, वीस मिनिटांत पोचेन."

आप्पांनी परत कापूस हातात घेतला.

"गाडी नगं. अनवानी चालत जा," ते म्हणाले. "आन दारात पाय धुवाया पानी दिलं, तर घेऊ नगंस."