गाभण म्हैस आणि पोटुशी सून

फार पूर्वीची गोष्ट. गाव नदीच्या अलीकडे होतं की पलीकडे, हे आता नेमकं आठवत नाही. सासरा शेतकरी होता की गवळी, याचीही खात्री देववत नाही. पण त्या घरी एक म्हैस होती आणि एक सून होती, आणि त्या पावसाळ्यात दोघींचेही दिवस भरत आले होते, एवढं नक्की.

म्हैस गाभण म्हणून घरादाराची नुसती धावपळ. सकाळी भिजवलेली सरकी, दुपारी हिरवा चारा, संध्याकाळी गुळाचा खडा. डासांनी जनावर बेजार होऊ नये म्हणून दिवस कलताच सासरा निर्गुडीचा आणि कडुनिंबाचा पाला जाळून गोठ्यात धुरी करी. "दोन जिवांची आहे बिचारी," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे.

दोन जिवांची सून त्याच वेळी चुलीपुढे भाकऱ्या थापत असे. सगळ्यांची जेवणं उरकली की तिच्या वाट्याला अर्धी भाकरी आणि तळाचं कालवण. सासूचा तसा नियमच होता. निजायला मागची खोली, उघड्या मोरीशेजारची. तिथे डास तिला फोडून काढत. आदल्या पावसाळ्यात याच खोलीत तिला थंडीताप भरला आणि मूठभर लेकरू झालं. ते बारशापर्यंतही राहिलं नाही. घरातले म्हणाले, देवाची इच्छा. सुनेला ते पटेना. त्याच देवाने म्हशीचं रेडकू बरं धष्टपुष्ट दिलं!

एका संध्याकाळी कळलं, शेजारच्या घरात ताप शिरलाय. सुनेने आपली वाकळ गुंडाळली, सरळ गोठ्यात गेली आणि म्हशीशेजारी पसरली.

सासू धावत आली. "अगं, हे काय? गोठ्यात?"

"इथे डास नाहीत, आत्याबाई. आणि सरकी-गूळही इथेच येतो."

"जनावराचं खाणार तू?"

"जनावराचं नको. जनावराइतकं मिळालं तरी पुरे."

शेण न्यायला आलेली शेजारीण पदर तोंडाला लावून हसली. "काय हो, म्हैस आटली म्हणून सून बांधलीत का?"

सासू ओशाळली, पण हेका सोडेना. "मी काय तुझी वैरीण आहे? पोट एकच असतं, बये. ते भाकरीने भरलं तर लेकराने बसायचं कुठे? माझ्या सासूनेही मला असंच ठेवलं होतं."

"मग तुमची किती गेली, आत्याबाई?"

 

सून दावं घेऊन उभ्या असलेल्या सासऱ्याकडे वळली. "मामंजी, म्हशीचंही पोट एकच ना? तिच्यापुढे भारा टाकताना रेडकाची जागा कशी नाही आठवली तुम्हाला?"



सासू तडक घरात गेली. तिने सगळ्यांच्या आधी सुनेचं पान वाढलं: दोन भाकऱ्या, घट्ट वरण, पालेभाजी, वर गुळाचा खडा. सासरा पुटपुटला, "आधी आम्ही बसतो ना..."

"तुम्ही थांबा!" सासू कडाडली. "म्हैस तुमच्या आधी खाते, तेव्हा नाही बोललात ते!"

मग तिने मोरी झाकली, मागच्या खोलीत धुरी केली, धूर पुरता निघून जाऊ दिला आणि खिडकीला निर्गुडीच्या जुड्या बांधून वाकळ आत आणली. हा परिपाठ बाळंतपणापर्यंत एकदाही चुकला नाही.

सुनेला मुलगी झाली. तिचं पहिलं रडणं पलीकडच्या आळीत ऐकू गेलं.

तात्पर्य सांगायचं तर: जी काळजी गोठ्यात घेता येते, ती घरात घेता येत नाही असं कोणी म्हणू नये. घेता येत नाही हे खोटं. घेत नाही, हे खरं.

आणि पुष्कळ वर्षांनी जाणत्यांनी हेही पडताळून पाहिलं: अन्नाची पिशवी वेगळी असते, बाळाची वेगळी. दोन्हींना आपण पोट म्हणतो.